हक्काचे धान्य दुकानातच का राहते?

अन्नसुरक्षा कायदा 2013 साली झाला, जानेवारी 2023 पासून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ‘प्राधान्य’ कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागले, तरीही पात्र असलेली काही घरे ते रेशन दुकानातून उचलत नाहीत. यावर नाशिकमध्ये हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे, ‘त्यांना गरजच नसेल.’ हे उत्तर मला सोयीचे वाटते, खरे वाटत नाही.

साधा हिशेब मांडून पाहावा. चौघांच्या घराला महिन्याला वीस किलो धान्य मिळते. किराणा दुकानातून घ्यायचे तर त्याला ढोबळमानाने सहा-सातशे रुपये पडतील. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याची एका दिवसाची हजेरीही साधारण तेवढीच असते. रेशन दुकान बंद, माल आला नाही, सर्व्हर डाऊन, यांपैकी कशानेही एक खेप वाया गेली, की त्या महिन्याचे मोफत धान्य त्याला विकतच पडते. त्यातच सिमेंट कालवून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. दुकानदार अंगठा फडक्याला पुसायला सांगतो, पुन्हा पुन्हा लावायला लावतो, तरी मशीन तो घेत नाही आणि मागची रांग कुरकुरू लागते. ओटीपीचा मार्ग असतो. परंतु आधारला जोडलेले सिम केव्हाच बंद पडलेले असते.

पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येणाऱ्या मजुरांना गावचे कार्ड इकडच्या दुकानातही चालते, ही सोय कागदावर उत्तम आहे. मात्र नेहमीच्या कार्डधारकांचे वाटप झाल्यावर बघू, असे दुकानदाराने सांगितले, की तोवर टोळी दुसऱ्या बागेत गेलेली असते.

लाज हे कारण आहेच, पण मला ते दुय्यम वाटते. धास्ती अधिक मोठी आहे. राज्यात कायदा लागू करताना शहरी कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये ठरवण्यात आली, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. एवढ्यात नाशिकमध्ये घरभाडे तरी भागते का? त्यामुळे दारात जुनी दुचाकी असलेला माणूस, मिळकत बेभरवशाची असूनही, चौकशी नको म्हणून तहसील कार्यालयाची पायरीच चढत नाही.

माल आल्याचा दिवस वस्तीत आधी कळावा, नाक्याजवळची दुकाने रात्री नऊपर्यंत उघडी राहावीत आणि अंगठा न उमटल्याने परत गेलेल्या प्रत्येकाची वेगळी नोंद व्हावी, एवढी माझी मागणी आहे. अशी नोंद नसेल, तर तो माणूसही ‘धान्य उचलले नाही’ याच रकान्यात जातो.