सीट आणली, पण बसवली कशी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यू जर्सीहून जळगाव-धुळ्याकडे निघणाऱ्या कुटुंबांच्या सामानात हल्ली एक अवजड नग हमखास असतो: लेकराची कार सीट. मुंबई विमानतळावर भाड्याची गाडी येते, ड्रायव्हर ती सीट मागे ठेवून पट्टा तिच्यावरून कसातरी फिरवतो, आणि कसारा घाट चढेपर्यंत सीट एका बाजूला कललेली असते. नाशिकच्या पुढे मूल मांडीवर, सीट डिकीत. मग घरी पोचल्यावर नेहमीचा वाद. एकीकडून "तिकडे असं चालत नाही", दुसरीकडून "काही नही व्हत, तुम्ही बी असेच मोठे झालात".

मूल मांडीवर सुरक्षित नसतं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकली आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपून थांबली, तर १० किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवायला सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतकं बळ लागतं, तेही सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात. कुठल्याच आजीच्या हातात ते नसतं, आणि पैलवानाच्याही नाही. पण परदेशातून उपदेश करणाऱ्यांच्याही बाजूत एक मोठं भोक आहे. अमेरिकेत कायदा आहे, दंड आहे, दुकानं सीटांनी भरलेली आहेत. तरीही तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या पाहणीनुसार ४६ टक्के सीट कुठे ना कुठे चुकीच्या वापरल्या जातात. म्हणजे कायद्याने सीट घरात येते, पण नीट बसवणं तिच्यासोबत येत नाही. त्यासाठी तिथे सीट तपासून घ्यायची वेगळी सोय उभी करावी लागली. इकडच्या चर्चेत नेमकी तीच कुठे दिसत नाही.

इकडची चर्चा कशावर होते ते पाहा. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९४ ब आलं: १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटविना गाडीत दिसलं तर एक हजार रुपये दंड. यातल्या 'किंवा'ने घोळ केला आहे. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला की कायदा खूश, पण तो पट्टा मुलाच्या मानेवरून आणि मऊ पोटावरून जातो. त्यानंतर सहा एअरबॅगचं प्रकरण झालं. २०२२ मध्ये मसुदा आला, तारीख ऑक्टोबर २०२३ पर्यंत ढकलली गेली, आणि शेवटी सक्ती करणार नसल्याचं नितीन गडकरींनी सांगून टाकलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर मागच्या सीटच्या पट्ट्यावर महिनाभर बोललं गेलं. मूल या सगळ्यात तोंडी लावण्यापुरतं.

आणि 'पाच तारे'. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाडी धडकवून तिला तारे देणारी चाचणी, सुरू झाली आणि गाडी घेताना लोक तारे मोजू लागले, ही चांगलीच गोष्ट. पण मुलांच्या सुरक्षेचे तारे कसे मिळतात हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बांधूनच ती टक्कर घेतली जाते. ४९ पैकी १२ गुण तर निव्वळ गाडीत वेगवेगळ्या चाइल्ड सीट नीट बसतात का, यासाठी असतात. मूल मांडीवर घेतलं की ते तारे दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचे.

अमेरिकेतली तपासणी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण इकडे ती आरटीओच्या पासिंगसारखी वाटते. तशी ती नाही. अग्निशमन केंद्र, पोलीस ठाणं किंवा हॉस्पिटलमध्ये वेळ घेऊन जायचं, बहुतेक ठिकाणी फुकट. सेफ किड्स वर्ल्डवाइड या संस्थेचं प्रमाणपत्र असलेला तंत्रज्ञ अर्धा तास देतो. तो सीट बसवून देत नाही. तुमच्या हातून बसवून घेतो. दंड नाही, शेरा नाही.

तयारी करून गेलं तर त्या अर्ध्या तासाचं सोनं होतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीट घरीच, आपल्या अकलेने बसवून न्यायची. खोक्यात बंद सीट नेली तर तंत्रज्ञाला तुमची चूक दिसतच नाही. सीटची आणि गाडीची, दोन्ही पुस्तकं हवीत. सीट पट्ट्याऐवजी गाडीतल्या दांड्यांना अडकवायला तिला खाली हुक असतात. त्या हुकांवर मूल आणि सीट मिळून किती वजन चालतं (अमेरिकेत साधारण ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो), हे सीटच्या पुस्तकात असतं. मधल्या जागेसाठी बाजूचे हुक वापरता येतात का, ते गाडीच्या. बऱ्याच गाड्यांत येत नाहीत. मुलाचं त्या आठवड्यातलं वजन-उंची माहीत असावी. सीटच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर उत्पादनाची तारीख आणि मॉडेल क्रमांक असतो. आयुष्य साधारण ६ ते १० वर्षं. सीट मित्राकडून आली असेल तर ती अपघातातून गेलेली नाही ना, हे विचारून घ्यावं, आणि उत्तर ठाम मिळालं नाही तर ती सीट सोडून द्यावी. गाडी सपाट जागी लावायची, मागची सीट रिकामी करायची. बाळ व्हायचं असेल तर तारखेच्या सहा-आठ आठवडे आधी जावं. बाळंतपणासाठी खानदेशातून आलेल्या आजीला सोबत न्यावं, कारण पुढचे चार महिने हार्नेस, म्हणजे बाळाला सीटमध्ये बांधणारे पट्टे, बहुधा तीच लावणार असते.

तिथे काय तपासतात? आधी सीटची पकड. जिथून पट्टा किंवा हुक जातो तिथेच, नेहमीच्या कामाचा नसलेल्या हाताने सीट हलवायची. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर ढिली. वरचा भाग धरून हलवाल तर मागे तोंड केलेली कुठलीही सीट हलतेच. बरेच जण पट्टा आणि हुक दोन्ही लावून 'डबल सेफ्टी' करतात. बहुतेक कंपन्या याला स्पष्ट मनाई करतात, कारण सीटची चाचणी एका वेळी एकाच पद्धतीने झालेली असते. मागे तोंड असताना हार्नेस खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून, पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा वरून निघायला हवा. गळपट्टीच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर अजून ओढा. अमेरिकी सीटची छातीवरची क्लिप काखेच्या पातळीला. जाड कोट आधी काढायचा, कारण टक्कर झाली की कोटातली हवा दबते आणि घट्ट वाटणारा हार्नेस दोन बोटं ढिला निघतो. पुढे तोंड केलेल्या सीटचा वरचा पट्टा, टॉप टेथर, तर निम्मे लोक विसरतात की काय, असं वाटावं इतक्या वेळा तो मागे नुसता लोंबकळत असतो. तो लावला की टक्करीत मुलाचं डोकं कमी पुढे जातं.

हेच सगळं खानदेशात आणलं की काही गोष्टी बदलतात, आणि परदेशातून येणाऱ्याला नेमक्या त्याच माहीत नसतात.

पहिली अडचण पट्ट्याची. अमेरिकेतल्या गाडीचा मागचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की टिकटिक करत आत जातो आणि लॉक होतो. तिथली सीट बहुधा याच भरवशावर बसते. भारतातल्या बहुतेक गाड्यांचे पट्टे फक्त झटका बसल्यावर अडकतात. म्हणून तिकडची सीट पट्ट्याने बांधली की दहा किलोमीटरवर ढिली. सीटलाच पट्टा पकडणारा चिमटा असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर इंग्रजी एचच्या आकाराची लोखंडी लॉकिंग क्लिप लागते, तीही त्या सीटच्या कंपनीला चालत असेल तर. गाडीला आयसोफिक्स, म्हणजे सीटचे हुक अडकवायच्या पक्क्या दांड्या, असतील तर सरळ त्याच वापराव्यात. अमेरिकी सीटचे खालचे हुक त्या दांड्यांवर बसतात, अंतर तेच असतं.

दुसरी अडचण आपण पैसे देऊन विकत घेतो. नवी गाडी आली की पहिल्या आठवड्यात लेदरचं सीट कव्हर आणि खाली जाड मॅट. आयसोफिक्सच्या दांड्या पाठ आणि बैठक यांच्या फटीत असतात. कव्हर त्या फटीवरून ताणलेलं असतं. हुक अर्धवट अडकतो आणि 'बसली' असं वाटतं. सीटच्या हुकांवर हिरवी खूण दिसते का ते दोन्ही बाजूंना बघायचं, मग सीट आपल्याकडे जोरात ओढून पाहायची. काही सीटना जमिनीवर टेकणारा पाय असतो. तो मऊ, जाड मॅटवर टेकला तर धडकेत खाली जातो. मॅट काढून पाय थेट गाडीच्या तळावर हवा, आणि त्या जागी खाली सामानाचा कप्पा असेल तर गाडीचं पुस्तक बघितल्याशिवाय पाय टेकू नये. टॉप टेथर डिकीतल्या सामान बांधायच्या कडीला किंवा हेडरेस्टला लावलेला दिसतो. त्याची ठरलेली कडी वेगळी असते, कधी मागच्या पाठीवर, कधी सेडानमध्ये काचेखालच्या फळीवर. सात सीटर गाड्यांत आयसोफिक्स बहुधा मधल्या रांगेच्या दोन्ही टोकांनाच. बेल्टचा आवाज बंद करायची खोटी क्लिप बकलात अडकवलेली असेल तर ती काढून फेकावी. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या विकायला मनाई केली, तरी गाड्यांतून त्या गेलेल्या नाहीत.

इकडे मिळणाऱ्या सीट बहुधा युरोपीय पद्धतीच्या असतात. पट्टा ओवायच्या खाचा मागे तोंड असेल तेव्हा निळ्या, पुढे असेल तेव्हा लाल. हे एवढं कळलं तरी निम्मी चूक टळते. मागे तोंड केलेल्या सीटला पट्टा लांब लागतो. काही छोट्या गाड्यांत तो पुरतच नाही. म्हणून सीट घेण्याआधी दुकानदाराला गाडीत बसवून दाखवायला लावावं. आईवडिलांना रंग आवडला म्हणून सीट घेणं हा इथे आणि तिथे, दोन्हीकडचा रोग आहे.

मग ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि उन्हात उभ्या गाडीत बकलचं लोखंड बाळाच्या मांडीला चटका देतं. गाडी लावताना सीटवर पांढरं कापड टाकावं, बसवण्याआधी बकलला हात लावून पाहावं. बाळाच्या पाठीखाली मात्र टॉवेल-उशी काही ठेवायचं नाही. बिस्किटाचा चुरा आणि धूळ बकलात गेली की 'टक' आवाज येत नाही. अशा वेळी तेल घालू नये. पुस्तकात चालतं म्हटलं असेल तर कोमट पाण्याने धुऊन वाळवावं.

खानदेशात बाळाचा पहिला लांबचा प्रवास सव्वा महिन्यानंतर, माहेरून सासरी. जळगावहून नंदुरबार म्हणजे तीन-चार तास सहज. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी होत गेला तसा गाड्यांचा वेगही वाढला. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असतं, आणि मग दोन पायांमधला पट्टा लागणार कुठून? पाय मोकळे हवेत, आधी हार्नेस, मग वरून गोधडी. डोक्यामागे जाड टोपरं नको, हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्या लहान बाळाचा श्वास अडतो. सीटचा कोन तिच्यावरच्या रेषेप्रमाणे. दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढावं. पारोळ्याला किंवा धुळ्याला चहा होतोच. बाळ रडलं की चालत्या गाडीत काढून घेण्यापेक्षा गाडी बाजूला घ्यावी. पाच मिनिटं जातात, तेवढंच.

पुढच्या सीटबद्दल लवचीकता अजिबात नको. २०२२ पासून नव्या गाड्यांत पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या. मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर, किंवा पुढे मांडीवर मूल, म्हणजे टक्करीत पिशवी थेट मुलाच्या डोक्यावर फुटणार.

आता मूळ मुद्दा. धुळे, जळगाव, नंदुरबार, या तीनही ठिकाणी आरटीओ आहे, गाड्यांच्या शोरूम आहेत, प्रसूतिगृहं आहेत. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं, हेल्मेट नसलेल्यांना गुलाबाची फुलं दिली जातात, फोटो निघतात. त्यातली एक दुपार सीट तपासायला द्यायला काय लागतं? एक प्रशिक्षित माणूस, एक बाहुली, सपाट जागा. शोरूमवाल्यांनी गाडीचा ताबा देताना पूजेच्या नारळानंतर पाच मिनिटं आयसोफिक्सच्या दांड्या दाखवल्या तरी फरक पडेल. दंडाची पावती फाडणाऱ्यापेक्षा हा माणूस जास्त उपयोगाचा, असं माझं मत आहे. अमेरिकेने आधी सक्ती केली आणि मग कित्येक सीट चुकीच्या निघाल्यावर शिकवणारे शोधले; तो क्रम आपण उलटा करू शकतो. आणि परदेशस्थांनी भावाला जुनी सीट भेट द्यायचं थांबवावं. सहा वर्षं वापरलेली, विमानात आपटलेली, इथल्या पट्ट्याला न जमणारी सीट ही भेट नव्हे. त्याच्या गाडीला बसणारी सीट इथेच घ्यावी आणि त्याच्यासोबत अर्धा तास गाडीत गुडघे टेकून ती बसवावी.

राहिला सगळ्यात अवघड भाग: कानबाई देवीच्या सणाला, रोटाला, गावी जाताना पाच माणसांच्या गाडीत आठ जण. काळीपिवळीच्या आडव्या बाकड्यावर तर सीट बसतच नाही. तिथे परदेशातला नियम वाचून दाखवण्यात अर्थ नाही. पण जिथे आपली गाडी आहे तिथे दुसरी फेरी करता येते किंवा दोन मोठी माणसं एसटीने जाऊ शकतात. सगळ्यात लहान मुलाची सीट आधी बसवायची, उरलेल्या जागेचा हिशेब नंतर. आई आणि बाळ मिळून एक पट्टा कधीच लावू नये. टक्करीत आईचं सगळं वजन बाळावर येतं. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत मोठ्या मुलांना बूस्टर, म्हणजे उंच करणारी बैठक, लागतो, म्हणजे पट्टा मानेवरून न जाता खांद्यावरून आणि पोटाऐवजी मांड्यांच्या वरच्या हाडावरून जातो. बूस्टर सगळ्यात स्वस्त आणि हलका असतो, गावी न्यायला सोपा. पुढे ड्रायव्हरशेजारी कितीही दाटी झाली तरी मोठं माणूसच, पट्टा लावून आणि सीट मागे सरकवून.