चावी दिली, खुर्ची ठेवली

बस्त्यावच्या मुलीला नोटर डेम विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळाला. पापडीच्या कट्ट्यावर पेढ्यांचा पुडा फिरून रिकामा होईपर्यंत सगळे खूश होते. मग मास्तर म्हणाले, "हेसबर्गांचं विद्यापीठ! चांगल्या ठिकाणी चालली पोर." आणि वकिलांनी पेढा तोंडात असतानाच विचारलं, "हेसबर्ग? तो निक्सनचा लाडका पाद्री?"

मास्तरांची उभी हयात मिशनच्या कॉलेजात गेली. वकिलांची निम्मी प्रॅक्टिस ट्रस्टच्या भांडणांची, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतला शिपाईसुद्धा त्यांना नावाने ओळखतो. बस्त्याव धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कमिटीवर. म्हणजे फादरने कॉलेज कसं चालवावं, या विषयावर तिघांचंही मत आधीच तयार, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फादर थिओडोर हेसबर्ग, होली क्रॉस संघाचे धर्मगुरू, जन्म 1917, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा. 1952 साली पस्तिशीत नोटर डेमचे अध्यक्ष झाले आणि 1987 पर्यंत, म्हणजे आणखी 35 वर्षं, त्या खुर्चीवर राहिले. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला ही संस्था 1842 मध्ये फादर सोरिन या फ्रेंच पाद्र्याने काढली. हेसबर्ग आले तेव्हा देशभर तिचं नाव होतं ते मुख्यतः अमेरिकन फुटबॉलमुळे. अध्यक्ष झाल्यावर पत्रकार भेटायला आले तर त्यांत क्रीडा वार्ताहरच जास्त. फोटोवाल्याने हातात चेंडू देऊन वाकून पोज द्यायला सांगितलं. त्यांनी साफ नकार दिला.

"तिथपासून कुठे नेलं बघा," मास्तर म्हणाले. "वार्षिक बजेट 1 कोटी डॉलरच्याही आत होतं, ते साडेसतरा कोटींच्या वर गेलं. कायम निधी 90 लाखांचा 35 कोटी झाला. विद्यार्थी जवळजवळ दुप्पट."

"बजेट फुगवणं हे कर्तृत्व असेल तर मास्तर, आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांना आधी संतपद द्यायला लागेल."

हा टोला बसला. पण मास्तर त्याचीच वाट बघत असावेत, कारण लगेच त्यांनी 1967 काढलं.

गोष्ट अशी. तोवर नोटर डेम कायद्याने होली क्रॉस संघाच्या ताब्यात होतं. अध्यक्ष संघाचा, कारभार संघाचा. हेसबर्गांनी आपल्याच संघाला पटवून 1967 साली कारभार अशा विश्वस्त मंडळाकडे दिला, ज्यात प्रापंचिकांचं, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य लोकांचं, बहुमत होतं. सेंट लुइसच्या जेझुइट विद्यापीठानेही त्याच वर्षी हे केलं. मास्तरांचा सवाल सरळ होता: "वकील, तुम्ही इतके ट्रस्ट पाहिलेत. संस्था जोरात चाललेली असताना, कोणी मागितलेली नसताना, आपण होऊन चावी परक्याच्या हातात दिलेला एक संस्थाचालक दाखवा. आपल्याकडे चावी जाते ती मुलाकडे. मुलगा नालायक निघाला तर सुनेकडे."

वकील हसले. मग त्यांनी सरकारी वकिलासारखं एकेक कागद काढावा तसं सुरू केलं. "चावी दिली म्हणता? त्या रचनेत विश्वस्तांच्या वर बारा फेलो बसवलेत. सहा होली क्रॉसचे फादर, सहा प्रापंचिक. अध्यक्ष त्याच संघाचा धर्मगुरू असला पाहिजे, ही अटही राहिली. आणि हे सगळं करून हा माणूस पुढची वीस वर्षं त्याच खुर्चीवर! चावी दिली, खुर्ची ठेवली. माझ्या अशिलांपैकी कुणाला इतकं सुचलं नाही."

मला विचाराल तर इथे दोघेही बरोबर होते. पण 1967 कशातून आलं, हे कळल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही. 1954 मध्ये रोममधल्या कार्डिनल ओत्ताविआनींच्या बाजूने दबाव आला, की विद्यापीठाने छापलेलं एक पुस्तक मागे घ्या. कारण त्यात धर्मस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या फादर जॉन कोर्टनी मरे यांचा लेख होता. हेसबर्गांनी ऐकलं नाही. 1965 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स या कॅथॉलिक विद्यापीठाने 31 प्राध्यापकांना एका झटक्यात काढलं. 1967 च्या वसंतात वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठात, जिथे विश्वस्त म्हणून बिशपच बिशप होते, ईशज्ञान शिकवणारे फादर चार्ल्स करन यांची नोकरी संपवायचं ठरलं. विद्यार्थी आणि प्राध्यापक संपावर गेले, विद्यापीठ बंद पडलं, निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलैत, विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स इथे हेसबर्गांनी 26 जणांना जमवलं आणि एक निवेदन काढलं. कॅथॉलिक विद्यापीठाला खरी स्वायत्तता आणि विचारस्वातंत्र्य हवं, आणि ते विद्यापीठाबाहेरच्या प्रत्येक सत्तेसमोर हवं, मग ती सत्ता धर्मगुरूंची असो की प्रापंचिकांची, असा त्याचा गाभा.

इतका वेळ गप्प बसलेला बस्त्याव आता बोलला. "बिशपनेही बोलायचं नाही, संघानेही नाही. मग कॅथॉलिक काय उरलं? पाटी?"

"उरतं ना," मास्तर म्हणाले. "ईशज्ञान शिकवलं जातं, चर्चा होते..."

"चर्चा तर आपणही करतोय कट्ट्यावर. आपण विद्यापीठ झालो?"

यावर मास्तरांना पटकन उत्तर सुचलं नाही. बस्त्यावचा हा प्रश्न अमेरिकेतही पन्नास वर्षं विचारला जातोय. 1990 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथॉलिक विद्यापीठांसाठी नियमावली काढली तीही याच प्रश्नातून. वकिलांनी मात्र वेगळीच पाचर मारली. "बिशपचा हात सोडला ना, मग कोणाचा धरला? विश्वस्त मंडळात कोण आले? उद्योगपती, बँकवाले, देणगीदार. 'बाहेरची प्रत्येक सत्ता' म्हणताना त्या निवेदनात चेकबुकाचं नाव कुठे आहे?" माझ्या मते अख्ख्या संध्याकाळीतला हा सगळ्यात दमदार मुद्दा. मास्तरांनी फक्त एवढंच म्हटलं, की हेसबर्ग स्वतः दारिद्र्याचं व्रत घेतलेले, कॉर्बी हॉलमधल्या साध्या खोलीत राहिले. खरं आहे. पण फादर गरीब राहिला म्हणून संस्थेवरचा पैशाचा दाब कमी होत नाही.

मग वकील मूळ मुद्द्यावर आले, निक्सनवर. फेब्रुवारी 1969. व्हिएतनाम युद्धामुळे कॅम्पसं पेटलेली. हेसबर्गांनी पत्र काढलं: जो कोणी दुसऱ्यांचे हक्क पायदळी तुडवून आंदोलन करेल त्याला विचार करायला 15 मिनिटं. नाही थांबला तर निलंबन, मग हकालपट्टी. निक्सनने पाठ थोपटणारं पत्र पाठवलं. नोव्हेंबरात, युद्धासाठी नापाम पुरवलेली डाऊ केमिकल कंपनी आणि सीआयए यांच्या भरतीविरुद्ध बसलेल्या दहा विद्यार्थ्यांवर तो नियम चालवलाही गेला.

"पोपसमोर स्वातंत्र्यवीर आणि पोरांसमोर फौजदार," वकील म्हणाले.

"पुढचं पण सांगा की," मास्तर उसळले. "त्याच फेब्रुवारीत त्यांनी निक्सनचे उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यूला लिहिलं, की केंद्राने विद्यापीठांवर दडपशाहीचे कायदे आणू नयेत, आमचं आम्ही बघू. 1970 मध्ये कंबोडियावर हल्ला झाला तेव्हा युद्धाविरुद्ध जाहीर बोलले. आणि लाडका म्हणता? नागरी हक्क आयोगाचं अध्यक्षपद निक्सननेच 1969 ला दिलं आणि दुसऱ्यांदा निवडून आल्या आल्या, 1972 च्या नोव्हेंबरात, त्यानेच राजीनामा मागितला. कारण आयोग सरकारचेच वाभाडे काढत होता!"

त्या आयोगाचा एक किस्सा मास्तरांना तोंडपाठ आहे. आयझेनहॉवरनी 1957 साली आयोग नेमला तेव्हा हेसबर्ग धरून सहा सदस्य होते, तीन उत्तरेचे, तीन दक्षिणेचे. वंशभेदावर त्यांचं एकमत होणार कसं? 1959 च्या उन्हाळ्यात ते लुईझियानात होते. गोऱ्या-काळ्या सदस्यांना एकत्र उतरायला हॉटेल नाही म्हणून हवाई दलाच्या तळावर मुक्काम, वर उकाडा आणि कोर्टाने सुनावणीच अडवलेली. हेसबर्गांनी विमान मिळवलं आणि सगळ्यांना उचलून विस्कॉन्सिनच्या त्याच लँड ओ'लेक्सला नेलं. तिथे विद्यापीठाची तळ्याकाठी जागा होती. संध्याकाळी स्टेक, थोडी दारू, मग होडीत बसून गळ टाकायचा. सहाही जण मासेमारीचे शौकीन निघाले. जवळजवळ सगळ्या शिफारशी तिथे एकमताने झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा 1964 च्या नागरी हक्क कायद्यात उतरल्या.

"तळ्यातल्या माशावर एवढं झालं," बस्त्याव म्हणाला. "बोंबील असते तर पहिल्याच रात्री कायदा."

1964 च्या जूनमध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हातात हात घालून उभे असलेले हेसबर्ग, हा फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. वकिलांना तो फोटो फारसा भावत नाही. त्यांचं म्हणणं, तेव्हा नोटर डेममध्ये काळी मुलं किती होती? फारच थोडी. मुलींना तर पदवीला प्रवेश 1972 मध्ये. जगाची लढाई लढताना घरचं अंगण राहूनच गेलं. त्यांच्याच विद्यार्थ्यांमध्ये विनोद होता: देव आणि हेसबर्ग यांत फरक काय? देव सगळीकडे असतो, हेसबर्ग नोटर डेम सोडून सगळीकडे.

बस्त्याव इथे अनपेक्षितपणे मास्तरांच्या बाजूने गेला. वसईची हिरवाई वाचवण्याच्या 'हरित वसई' आंदोलनाच्या वेळी फादर दिब्रिटो पुढे झाले तेव्हा याच कट्ट्यावर 'फादरने वेदी सोडू नये' म्हणणाऱ्यांशी तो भांडला होता. "फादर बाहेर पडतो त्याला माझी ना नाही. संस्था बाहेर पडते त्याला आहे," तो म्हणाला. हा फरक मला पटला नाही, पण त्याने तो ठामपणे केला.

वकिलांनी एक गोष्ट मात्र मान्य केली. 1987 मध्ये पद सोडल्यावर हेसबर्ग वर्षभर कॅम्पसमधून निघूनच गेले. इतकी वर्षं उपाध्यक्ष राहिलेल्या फादर जॉइस यांच्याबरोबर आधी मोटारघरातून पश्चिमेची भटकंती, मग जहाजावर मुक्काम. नव्या अध्यक्षाच्या मानेवर जुन्याचा श्वास नको म्हणून. आमच्याकडे निवृत्त संस्थाचालक सल्लागार म्हणून शेजारच्याच केबिनमध्ये बसतो, हे वकिलांनी स्वतःहून सांगितलं. परत आल्यावर हेसबर्ग ग्रंथालयाच्या तेराव्या मजल्यावर बसत. डोळे गेल्यावर विद्यार्थी वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि म्हातारा सिगार ओढत ऐकत असे. 2015 मध्ये गेले, 97 वर्षांचे होऊन.

2009 वर वाद पुन्हा तापला. ओबामांना पदवीदान समारंभाला बोलावलं तेव्हा गर्भपाताच्या धोरणामुळे अनेक बिशपांनी विरोध केला. स्थानिक बिशप डार्सी समारंभाला गेले नाहीत. समारंभ झाला. एक्क्याण्णव वर्षांचे हेसबर्ग हजर होते आणि ओबामांनी भाषणात तो मासे पकडण्याचा किस्साच सांगितला.

"म्हणजे 67 च्या कागदाचं फळ हे," बस्त्याव म्हणाला. "बिशप घरी, ओबामा व्यासपीठावर."

"हेच तर फळ," मास्तर म्हणाले. "बिशपला न जाण्याचा हक्क, विद्यापीठाला बोलावण्याचा."

वकिलांनी तोवर फोनवर काहीतरी शोधलं होतं. "हेसबर्गनंतर मॅलॉय, मग जेनकिन्स, 2024 पासून डाउड. तिघेही होली क्रॉसचे फादर. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठाने 2001 मध्येच प्रापंचिक अध्यक्ष आणला. तुमच्या नोटर डेमने इतक्या वर्षांत एक नाही."

"आणू पण नये," बस्त्याव म्हणाला. मास्तर काही बोलणार, एवढ्यात वकिलांनी दोघांकडे बोट दाखवलं. "आधी तुम्ही दोघं आपसात ठरवा, संस्था कोणाची आहे ते. मग मी उलटतपासणी घेतो."