मालकाचा प्रतिसाद : ‘विरघळणारा प्लग विरघळलाच नाही’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार साहेब,

तेलविहिरीत बसवायच्या आमच्या प्लगबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. कॉइल ट्यूबिंगचं (विहिरीत सोडायच्या गुंडाळलेल्या लांब पोलादी नळीचं) युनिट साइटवर जास्तीचं थांबवावं लागलं, वरिष्ठांची बोलणी खावी लागली, याबद्दल दिलगीर आहोत.

आता पुढचं. तुम्ही एक स्टार देऊन चार गोष्टी लिहिल्या आहेत : प्लग नकली होता, माल उशिरा आला, किंमत अवाच्या सवा लावली आणि ‘ऑटोचे बुश बनवणाऱ्यांनी बुशच बनवावेत’. उशीर आणि किंमत यांचं खाली लिहितो. ‘नकली’ मात्र तसंच सोडता येणार नाही. मेहसाण्याचा किंवा अंकलेश्वरचा खरेदीवाला आम्हाला चौकशी पाठवण्याआधी हेच पान उघडून बघतो. भोसरीतल्या छोट्या कारखान्याला याहून वेगळी जाहिरात परवडत नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेलाच्या विहिरीला एकेका थराप्रमाणे फ्रॅक करतात, म्हणजे जोराने पाणी पंप करून खडकाला भेगा पाडतात. खालचा टप्पा फ्रॅक झाला की वायरलाइनवर (तारेवर) प्लग, त्याच्या वर तो बसवणारं सेटिंग टूल आणि त्याच्या वर गन, अशी माळ आत सोडतात. प्लग केसिंगमध्ये (विहिरीच्या पोलादी नळीत) बसवायचा, माळ थोडी वर ओढून गनने पुढच्या टप्प्याची भोकं पाडायची, बाकीचं बाहेर काढायचं आणि वरून बॉल सोडायचा. बॉल प्लगच्या सीटवर बसला की खालचा टप्पा बंद, आणि पंपाचा सगळा जोर नव्या भोकांतून खडकात. तेव्हा प्लगने आधी प्रेशर धरायचं असतं आणि मग वाटेतून निघून जायचं असतं. साध्या कंपोझिट प्लगला काढायला कॉइल ट्यूबिंगवर मिल लावून दळावं लागतं. आमचा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो, तो पाण्यात हळूहळू जातो.

साहेब, तुमच्याच रिव्ह्यूत तिसऱ्या ओळीत लिहिलंय, ‘फ्रॅक सर्व स्टेजना व्यवस्थित झालं’. म्हणजे प्लगने प्रेशर धरलं. स्लिप (प्लगला केसिंगमध्ये धरून ठेवणारा भाग) सरकली नाही, रबर फाटलं नाही, बॉल सीटवरून निघाला नाही. याबद्दल अर्धा स्टारही मिळू नये याचं वाईट वाटलं.

राहिलं विरघळणं. मॅग्नेशियम पाण्यात जातं, पण कुठल्याही पाण्यात सारख्या वेगाने जात नाही. पाण्याशी संयोग झाला की त्यावर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा थर धरतो, आणि गोड्या पाण्यात तोच थर खालच्या धातूला झाकून टाकतो. तो थर फोडायला क्लोराइड लागतं, म्हणजे मीठ लागतं. शिवाय उष्णता लागते. म्हणून आमच्या डेटाशीटवर नुसते ‘७२ तास’ लिहिलेले नाहीत. ३ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आणि ९० अंश सेल्सियस, असं त्याच ओळीत त्याच अक्षरात छापलंय. खाली बारीक अक्षरात नाही.

ऑर्डर घेताना आम्ही एक फॉर्म पाठवतो. त्यात ‘फ्रॅकच्या पाण्यातलं क्लोराइड’ असा रकाना आहे. तुमच्याकडून त्यात ‘नंतर कळवतो’ असं आलं. आम्ही दोनदा आठवण केली. नंतर काही आलं नाही आणि तुमचा माणूस माल न्यायला दारात उभा. मग तक्रारीसोबत तुम्हीच जो जॉब रिपोर्ट पाठवलात त्यात दिसलं की पाणी टँकरचं, गोडं होतं. आणि माती फुगू नये म्हणून पोटॅशियम क्लोराइड घालतात, त्याऐवजी द्रवरूप क्ले स्टॅबिलायझर वापरला होता, हजार भागांना एखाद-दोन भाग. खडकाच्या थरासाठी ते चांगलंच असेल, त्यात मी पडत नाही. पण प्लगच्या वाट्याला मीठ जवळजवळ आलंच नाही.

आणखी एक. खडकाच्या थराचं तापमान तुम्ही ९५ अंश सांगितलंत, ते बरोबरच असणार. पण तासन्‌तास गार पाणी पंप केल्यावर तळाशी ९५ राहत नाही. विहीर बंद ठेवली की ते सावकाश परत चढतं. त्यात तुम्ही फ्लोबॅक (विहीर उघडून आतलं पाणी वर येऊ देणं) सुरू करण्याआधीच कॉइल आत सोडलीत. थरातलं खारं पाणी वर आलं असतं तर त्यानेच बरंचसं काम केलं असतं. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर आम्ही लिहिलं होतं की थांबणं शक्य नसेल तर प्लगवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची थोडी मात्रा सोडून बघा, मॅग्नेशियम आम्लात लवकर जातं. मेसेजला दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. स्क्रीनशॉट आहे, पण इथे टाकत नाही. तेवढी रीत आम्ही पाळतो.

तुम्ही टाकलेल्या फोटोबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळे तोच बघतायत. दळून वर आलेल्या तुकड्यांवर पांढरा लेप आहे आणि कडा किडक्या दातासारख्या पोखरलेल्या आहेत. विरघळणाऱ्या धातूऐवजी साधं ॲल्युमिनियम असतं तर त्या पाण्यात इतक्या दिवसांत ते असं पोखरलं गेलं नसतं. तो पांढरा लेप म्हणजेच वर सांगितलेलं हायड्रॉक्साइड. प्लग विरघळत होता, वेळ पुरला नाही. आणि ज्या गोल बटणांना तुम्ही ‘हे तर जसेच्या तसे’ म्हणून लाल वर्तुळ केलंय, ती सिरॅमिकची आहेत. स्लिपने केसिंगला घट्ट धरावं म्हणून ती बसवतात. ती विरघळत नाहीत, विरघळणार असं आम्ही कधी म्हटलेलं नाही, ती पाण्याबरोबर निघून जातात किंवा तळाशी पडतात.

उशीर : पीओ (खरेदीची ऑर्डर) आल्यावर केसिंग ५½ इंची, फुटाला १७ पाउंड वजनाच्या नळीवरून २० पाउंडाच्या नळीवर गेलं. बाहेरचा व्यास तोच, पण आतला जवळजवळ ३ मिलिमीटरने घटतो. कोन (शंकूचा भाग), स्लिप, रबर सगळं परत बसवून, परत प्रेशर टेस्ट करूनच माल बाहेर पडला. न तपासता वेळेवर दिला असता तर आज रिव्ह्यू वेगळाच असता.

किंमत : विरघळणारा प्लग कंपोझिटपेक्षा महागच असतो, कारण त्यात कॉइलचा खर्च वाचवायचा असतो. तुमची विहीर उभी, टप्पे मोजके. तिथे कंपोझिट पुरेल असं आमच्या कोटेशनमध्येच लिहिलं होतं, स्वस्तातला पर्यायही सोबत जोडला होता. महागडा घ्या असा आग्रह आमचा नव्हता.

बुश (गाड्यांच्या फिरत्या भागांत बसणाऱ्या छोट्या नळ्या) आम्ही आजही बनवतो, त्याची लाज नाही. चाकणच्या गाड्यांना मायक्रॉनमध्ये माल दिला म्हणूनच हे काम हाती धरायची हिंमत झाली. ज्या पोरांनी तुमचा प्लग असेंबल केला त्यांनीच तो रिव्ह्यू मला आणून दाखवला. त्यांच्यासमोर काय बोलावं ते सुचलं नाही.

पूर्ण पैसे परत करणं शक्य नाही, हे फोनवर सांगितलंच आहे. पुढच्या ऑर्डरमध्ये काहीतरी जुळवून घेऊ. फॉर्मही सुधारतोय, क्लोराइडचा रकाना रिकामा असेल तर माल सोडायचा नाही असं ठरवतोय. वरची माहिती पटली तर ‘नकली’ एवढा एक शब्द काढावा ही विनंती, स्टार तुमच्या मर्जीने ठेवा.

त्याच टँकरच्या पाण्याचा पाच लिटरचा एक कॅन पाठवा. तुमच्याच बॅचचं कूपन (त्याच धातूचा नमुन्याचा तुकडा) आमच्याकडे राखून ठेवलेलं आहे. ते तुमच्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात, दोन्हीत एकाच तापमानाला ठेवतो आणि दर काही तासांनी वजन करून तुम्हाला कळवतो. खर्च आमचा. स्वतः येऊन बघणार असाल तर गुरुवार सोडून कधीही या, गुरुवारी एमआयडीसीत लाइटचा भरवसा नसतो.

कारखान्याचा मालक, भोसरी