रात्री दोनला दवाखान्यात कोण असतं?

आज एका डोहाळजेवणाला गेले होते. झोपाळा, फुलांचे दागिने, फोटोवाला, पेढा की बर्फी, सगळं झकास. पोरीला आठवा महिना, पाय टम्म सुजलेले. सहज विचारलं, बाळंतपण कुठं ठरलं? पोरीनं सासूकडं पाहिलं, सासूनं विहिणीकडं, आणि उत्तर दिलं पोरीच्या काकांनी: "आपल्या सोयऱ्यातले डॉक्टर आहेत की. बिलात बघून घेतेत." बीपी कधी मोजलं, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

शालू घ्यायला दहा दुकानं पालथी घालता ना? मग जिथं पोरीचा जीव टांगणीला लागणार, ती जागा काका ठरवणार?

माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं होतं. तीनमजली दवाखाना, एसी खोली, डॉक्टर सोयऱ्यातले. बाळ झालं, पेढे वाटले, आणि मग तिच्या अंगावरून जायचं थांबेना. डॉक्टर घरी गेलेले. ड्युटीवर एक पोरगी, तिचं नर्सिंग तरी झालं होतं का देव जाणे. रक्ताची सोय नाही. बाळंतपणानंतर असं रक्त जायला लागलं तर बाई दोन तासांत हातची जाते. आणि "अंबाजोगाईला हलवा" एवढं सांगायला त्या लोकांनी तास घालवला.

वाचवलं कुणी? अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ मेडिकलच्या निवासी डॉक्टर पोरींनी. ज्या सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की आपल्या लोकांचं नाक मुरडतं, त्याच दवाखान्यानं. तिथं गर्दी असते, बायकांवर खेकसतात, संडासाचं तर बोलूच नका. मान्य. पण मध्यरात्री तिथं जागा डॉक्टर होता आणि रक्तपेढी होती. शिवाय 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, सिझर, औषधं, रक्त, जेवण, गाडी सगळ्यासकट. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी असते, तीही फुकट. आशाताई दारात येऊन सांगतात, आपण चहा पाजून वाटेला लावतो.

खासगीतले सगळे वाईट नसतात, एकटा डॉक्टर चोवीस तास जागू शकत नाही, हेही खरं. मग तसं आधी सांगा की!

आणि आपण तरी विचारतो का? रात्री कोण थांबतं? रक्त कुठून येतं, किती वेळात? सिझर करायची वेळ आली तर भूल द्यायला कोण येतं, कुठून? बाळ रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ आहे का? कळा देताना घरची एक बाई जवळ राहू देता का? बहिणीच्या वेळी यातलं अवाक्षर कुणी काढलं नाही. काढणार कसं? सोयऱ्यातल्या डॉक्टरला प्रश्न विचारला तर त्याचा अपमान होतो! ओळखीनं बिल कमी झालं असेल, पण आमची तोंडंही शिवली गेली.

तिचा एचबी आठ होता. अकराच्या खाली गेला की रक्त कमी धरतात, आणि अशा बाईला थोडं जास्त रक्त गेलेलंही झेपत नाही. फाइलीत लिहिलेलं होतं ते. पण फाइल सासरच्या डॉक्टरची, बाळंतपण माहेरी, आणि नव्या डॉक्टरनं पान उलटून बघितलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं, मलाही तसंच वाटतं, आईच्या हाताची सर कशाला नाही. पण मग माहेरच्या डॉक्टरला आधीच दाखवून ठेवा, कळा सुरू झाल्यावर दार वाजवू नका.

त्या रात्री गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ पांढरे पडलेले, आणि ही विचारतेय, "अक्का, बाळाला कुणी घेतलंय? टोपी घातली का?" हे लिहितानाही हात थरथरतोय.

दुसऱ्या वेळी तिनं कुणाचं ऐकलं नाही. प्रश्न वहीत लिहून नेले. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत, एकेकाचं उत्तर दिलं, रक्ताचं थोडं अवघड आहे हेही सांगून टाकलं. दोन रक्तदाते भावजींनी आधीच बघून ठेवले.

सोयऱ्यातले डॉक्टर तेव्हापासून रुसलेत. लग्नकार्यात भेटले की मान वळवतेत. वळवू द्या.