बेअर म्हणजे सहन करणे, झालं?

विश्रामबागेपासून मार्केट यार्डापर्यंत सांगलीत स्पोकन इंग्लिशच्या पाट्यांना तोटा नाही. वहीत मात्र बेअर, स्टँड, टॉलरेट, एन्ड्युअर, सगळ्यांसमोर एकच अर्थ खरडलेला: सहन करणे. मग इंग्रजांनी इतके शब्द काय हौसेनं सांभाळलेत?

मुळात वाक्यच उलटं फिरतं, ते कुणी सांगत नाही. ‘मला हा गोंगाट सहन होत नाही’ यात सोसणाऱ्याला ‘ला’ लागतो आणि कर्ता होतो गोंगाट. इंग्रजीत सोसणाराच कर्ता: ‘आय कान्ट बेअर धिस नॉइज.’ फळ्यावर पाच मिनिटांचं काम आहे! ते होत नाही, म्हणून पोरं ‘धिस नॉइज इज नॉट बेअर टू मी’ लिहितात, नाहीतर ‘आय अ‍ॅम नॉट बेअरिंग’. अहो, या अर्थाला आयएनजी लावत नाहीत, ‘कान्ट’ लावतात.

‘स्टँड’चं तर विचारूच नका. ‘आय कान्ट स्टँड हिम’ बरोबर. त्यातला नकार काढून ‘आय स्टँड हिम’ म्हटलंत की काही अर्थच उरत नाही. नकार किंवा प्रश्न असेल तरच तो ‘सहन’वाला स्टँड. रोजची कटकट निमूट चालवून घेणं म्हणजे ‘पुट अप विथ’; त्यातला ‘विथ’ नेमका गळतो.

उदाहरण हवं तर कृष्णेवर जा. आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे, २००५ आणि २०१९ चे महापूर त्यानं झेलले. पूल करतो ते ‘विदस्टँड’: मारा झाला, पण हलला नाही. घरात पाणी शिरलेल्या माणसानं पुढे महिनोन्‌महिने जे काढलं, ते ‘एन्ड्युअर’. दोन्हीकडे ‘सहन करणे’ लिहून मोकळं कसं होता येतं?

आणि ते रूपांचं पाठांतर! बेअर, बोअर, बोर्न. हा ‘बोर्न’ शेवटी ई असलेला. ई नसलेला फक्त जन्माला आलेल्यासाठी. ‘खर्च कंपनीनं उचलला’ असं लिहिताना ई खाल्ला की खर्चच जन्माला येतो. ऑफिसच्या मेलमधला ‘बेअर विथ मी’ तर बी-ए-आर-ई लिहून धाडतात. म्हणायचं असतं ‘जरा धीर धरा’, आणि साहेबांना सांगितलं जातं, ‘माझ्याबरोबर कपडे उतरवा.’