खुराड्यातली रात्रपाळी

दिवाळीच्या तोंडावर माणसं नवे कपडे घेतात आणि कोंबडी अंगावरचे काढून टाकते. दिवस लहान होऊ लागले की दीड वर्षाची कोंबडी डोक्यापासून सुरुवात करते, मग मान, छाती, पंख, शेवटी शेपूट. दोन-तीन महिने अंड्यांनाही सुट्टी. फाटकाशी थबकून शेजारी विचारणारच, "सोलायला घेतली होती आणि सुटली का हो?" नवी पिसं काड्यांसारखी फुटतात, त्यांत रक्त असतं, हात लागला तरी दुखतं. तेव्हा कुरवाळणं बंद आणि बिनमिठाची सुकट सुरू. पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रोटीन. ते नुसत्या कण्यांतून कुठून येणार?

पण मी संशयी माणूस. पिसं कुठली गेली यावरून गुन्हेगार ओळखावा. पाठ आणि डोक्याची मागची बाजू उघडी पडली असेल तर कोंबडा. त्याला आठ-दहा कोंबड्या लागतात. हौशी लोक दोघींवर भागवतात आणि त्या दोघींच्या पाठीची सालटं निघतात. छाती उघडी आणि स्वभाव तिरसट, म्हणजे बाई खुडूक आहेत, अंडी उबवायला बसल्यात. शेपटीच्या बुडाशी टोचल्याच्या खुणा असतील तर मैत्रिणींची कृपा, जागा कमी पडतेय. मान जन्मापासूनच उघडी असेल तर ती जातच तशी, औषध शोधू नये.

आणि तुरा फिकट पडला, संध्याकाळी खुराड्यात शिरायला कोंबडी कां-कूं करू लागली, की समजावं, लाल माइट, म्हणजे गोचिडाचा बारीक भाऊबंद. इथे भली शिकलेली माणसं भर दुपारी कोंबडी मांडीवर घेऊन, भिंग लावून पीस न् पीस चाळतात. सापडत काही नाही. लाल माइट दिवसा फटीत झोपतो, अंधार पडला की येतो, रक्त पितो आणि परत जातो. खानावळ एकीकडे, खोली दुसरीकडे. म्हणून रात्री दहानंतर बॅटरी घेऊन जायचं आणि पांढरा कागदी रुमाल बसायच्या दांडीच्या खालून, टोकांच्या खाचांतून फिरवायचा. लाल रेघ उमटली की निदान झालं. उपाशी माइट राखाडी, जेवलेला लाल. एखादा आपल्या मनगटावर चढतोच. माणसावर तो घर करत नाही म्हणे, पण हे खाजेला कोण सांगणार?

(दुसरी एक जात कोंबडीवरच मुक्कामाला असते. शेपटीखालची पिसं काळपट, मळकट दिसतात. ती मात्र दुपारी सापडते.)

तेव्हा आधी खुराडं. तूस सगळं बाहेर काढून जाळायचं. दांड्या उपटून उकळतं पाणी ओतायचं, टोकांवर आणि खाचांत सगळ्यात जास्त. कडकडीत वाळलं की चुना, ब्रशने फटीफटीत कोंबून. लोखंडी पिंजरा ज्योतीने शेकतात. लाकडी खुराड्यावर हा प्रयोग केला तर माइट नक्की जातात, खुराड्यासकट. रिकामं ठेवून उपाशी मारू म्हणाल, तर तो महिनोन्महिने काढतो. आपल्यासारखा त्याचा उपास साबुदाण्यावर अवलंबून नाही.

मग कोंबडी. तिला रात्री दांडीवरून उचलावी, अंधारात तिला निषेध सुचत नाही. परमेथ्रिन या कीटकनाशकाची पावडर जुन्या मोज्यात भरून पंखांखाली आणि शेपटीखाली थोपटावी, डोळे आणि चोच सोडून. मात्रा किती आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे पशुवैद्यकालाच विचारावं. घरात मांजर असेल तर तिला लांब ठेवावं, तिच्यासाठी हे विष आहे. एरवीची अंघोळ कोंबडी स्वतःच करते. घमेलंभर कोरड्या मातीत लाकडाची राख मिसळून छपराखाली ठेवली की झालं. छपराखाली, कारण पावसात भिजलेल्या राखेत लोळलेली कोंबडी बघवत नाही. पायांचे खवले उचलले गेले असतील तर तो माइटचा तिसरा भाऊ. खवले उपटू नयेत, साबणाने धुऊन खोबरेल चोपडत राहावं.

सगळे फसतात ते पुढे. पावडरीने माइट मरतो, त्याची अंडी मरत नाहीत, आणि उबदार हवेत आठवड्या-दहा दिवसांत नवी फौज तयार होते. म्हणून सातव्या-आठव्या दिवशी खुराडं आणि कोंबडी दोन्ही पुन्हा. तोवर ती बरी दिसू लागलेली असते, आपण विसरतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करावा आणि 'कोंबडी, पावडर' असं पूर्ण लिहावं. नुसतं 'कोंबडी' लिहिलं तर घरात कुणीतरी सकाळपासून आलं-लसूण वाटायला घेतं.