पेराक कोण कलम करता?

आज सकाळी आबांनी माझ्या पेरूच्या गुट्या, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फुटावीत म्हणून बांधलेली कलमं, परत उघडल्या. बोलायची सोय नाही. ते वडिलांच्या वर्गातले, आणि आमच्या वाडीत अशा माणसाला कुणाच्याही परसात शिरताना खाकरावंही लागत नाही.

पाऊस नीट लागला की पेरूला गुटी बांधायची. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, वरच्या कडेला मुळं फुटायचं संजीवक लावून ओलं शेवाळ दाबायचं आणि वर प्लास्टिक गच्च आवळायचं. मग महिनाभर तरी हात लावायचा नाही. आबांना एवढं शेवटचं कलम मान्य नाही. गुट्या बांधत होतो त्या दिवशीच ते आले.

"ह्यां काय रे झिला? झाडाचो हात मोडलो?"

"नाय आबानू, गुटी बांधलंय."

"पेराक? पेराक कोण कलम करता? कावळो खाता, बी टाकता, झाड येता."

म्हटलं, बियेचं झाड मूळ झाडासारखंच निघेल याचा नेम नसतो.

"माणसाचो तरी खंय असता? माझो धाकटो बघ."

मग धाकट्याचं पुराण. मुंबई, मोटरसायकल, मोडलेलं लग्न. माझ्या हातातलं शेवाळ तोवर वाळलं.

दुसऱ्या दिवसापासून पाहणी सुरू. दोरी सोडायची, दोन बोटं आत घालायची, वास घ्यायचा, "मुळां नाय इली हां" असा निकाल द्यायचा आणि दोरी सैल बांधून निघून जायचं. एका गुटीत मुंग्यांनी संसार थाटला, तर म्हणाले, "बघ, माती चांगली हा."

ही उठाठेव मी हौसेने करत नाही. 'सरदार' म्हणून रोपवाटिकेतून विकत आणलेलं झाड धरलं, तर लिंबाएवढी फळं आणि आत नुसत्या बिया. 1927 साली पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेल्या जातीच्या नावावर काहीही खपवतात. तक्रार केली तर उत्तर मिळालं, तुमच्या जमिनीचा दोष. पैसे गेले ते गेले, वर कातळाला शिव्या. म्हणून आजोळच्या लाल गराच्या पेरूवर हे बांधकाम.

हे आबांना सांगितलं. गंभीरपणे म्हणाले, "मग कोय कलम कर."

"आबानू, पेरूक कोय खंय?"

"म्हणानच सांगतंय, आंबो लाय."

हापूसच्या मुलखात पेरूची ही किंमत. आंब्याच्या फवारणीवर रात्र रात्र बोलणारी माणसं पेरूचं नाव काढलं की तंबाखू मळायला लागतात. बाजारात मात्र घाटावरचे पेरू घासाघीस न करता घेतात.

श्रावण सरत आला. उघडीप वाढली की शेवाळ वाळतं, आता नवीन गुटी बांधण्यात अर्थ नाही. आबा आज जाताना गडग्यावरून ओरडले, "एक कलम माका ठेव हां! पण उघडलेल्यातलां नको."